मुलं गेम खेळतात. गेम काय सांगतो ते आपण वाचतो का?

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक घोषणा केली. आपल्या मोहल्ल्यांत ती फारशी कुणाच्या कानावर आलेली दिसत नाही. मुंबईतल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेमार्फत देशातल्या १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्या प्रयोगशाळा उभारल्या जाणार आहेत. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख कुशल माणसं लागतील, असा अंदाजही त्यांनी सांगितला.

म्हणजे ज्या गोष्टीपायी आपण घरात रोज पोरांच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतो, तीच गोष्ट शाळेत शिकवायची तयारी सरकार करत आहे.

सरकारसाठी हा रोजगाराचा विषय आहे, आणि तो महत्त्वाचाच. पण वर्गात रोज पोरांसमोर उभं राहणाऱ्या आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. उद्या ही मुलं गेम बनवायला शिकली, तर कशाचे गेम बनवणार? बंदूक घेऊन पळण्याचे? की आपल्या घरात, गल्लीत, गावात जे घडतं त्याबद्दल काही सांगणारे? आणि त्याआधीचा प्रश्न: आज ती जे गेम खेळतात, ते त्यांना काय सांगतात हे अम्मी-अब्बूंनी कधी बसून पाहिलं आहे का?

खेळ बोलतो तो नियमांतून

खेळातून काहीतरी सांगण्याची रीत नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. सूफी परंपरेतही असाच पट आहे, 'शतरंज-उल-आरिफीन' नावाचा. त्यात माणूस नफ्साच्या खोड्यांतून घसरत, चढत अल्लाहच्या जवळ जाऊ पाहतो. पटावर प्रवचन कुणी देत नाही. फासा पडतो, सोंगटी सरकते आणि शिकवण मनात उतरते.

दुसरं उदाहरण बहुतेक घरांत सापडेल. सुट्टीत मुलं 'व्यापार' खेळतात: जागा विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं, बाकीच्यांना कंगाल करायचं. हा खेळ ज्या 'मोनोपॉली'वरून आला, तिचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. त्यांना १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. जमीनदारी आणि भाडेखोरी लोकांना कशी पिळते हे दाखवणं हा त्यांचा हेतू होता. त्यांनी दोन प्रकारचे नियम केले होते. एकात कुणाचीही कमाई झाली की सगळ्यांना वाटा मिळतो, दुसऱ्यात एकच जण सगळं गिळतो. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली बाजारात आणली. बाईंचं पेटंट कंपनीने ५०० डॉलरला घेतलं, आणि जगभर पसरले ते दुसरे नियम. भाडेखोरीविरुद्ध केलेला खेळ भाडेखोरी शिकवू लागला. पट जवळपास तोच राहिला, नियम बदलले आणि संदेश उलटा झाला.

आमच्या मते या विषयाचं सगळं मर्म इथेच आहे. खेळाचं म्हणणं त्याच्या गोष्टीत किंवा संवादांत शोधू नका. तो तुम्हाला काय करू देतो, काय करू देत नाही आणि कशाला 'जिंकणं' म्हणतो, तिथे शोधा.

पाच मिनिटांचे गेम

हे ओळखून काही लोकांनी गेल्या वीस-बावीस वर्षांत छोटे-छोटे राजकीय गेम बनवले. मोठी कंपनी नाही, शेकडो माणसांची टीम नाही. एक-दोन माणसं, थोडे आठवडे, पाच-दहा मिनिटांचा खेळ.

उरुग्वेचे गोन्झालो फ्रास्का यांनी २००३ मध्ये 'सप्टेंबर १२' बनवला. पडद्यावर एका अरब गावाचा बाजार दिसतो. त्यात साधी माणसं आहेत, बायका-मुलं आहेत आणि काही बंदूकधारी. तुमच्या हातात क्षेपणास्त्र. बंदूकधाऱ्यावर नेम धरून सोडलं तरी ते पोचेपर्यंत तो पुढे निघून जातो, मरतात आसपासचे. त्यांच्यासाठी रडायला आलेल्यांपैकी काही जण पाहता-पाहता बंदूकधारी होतात. जितके मारावेत तितके वाढतात. या गेममध्ये जिंकता येत नाही. न मारणं एवढंच हाती उरतं. 'दहशतवादविरोधी युद्धा'वर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. फ्रास्कांनी तोच वाद एका नियमात मांडला.

लुकास पोप यांचा २०१२ चा 'द रिपब्लिया टाइम्स' आम्हाला विशेष आवडतो. यात तुम्ही सरकारी वर्तमानपत्राचे संपादक. कोणती बातमी मोठी लावायची, कोणती लहान, कोणती टाकूनच द्यायची, एवढंच तुमचं काम. पण तुमचं कुटुंब सरकारच्या ताब्यात आहे आणि लोकांची निष्ठा वाढली पाहिजे, असा हुकूम आहे. दहा मिनिटं खेळलं की टीव्हीवरच्या बातम्यांकडे मूल वेगळ्या नजरेने बघू लागतं. 'माध्यम साक्षरता' या विषयावर आम्ही तासभर बोललो असतो तरी एवढं झालं नसतं.

मग २०१६ चा 'लायला अँड द शॅडोज ऑफ वॉर'. नाब्लुसचे पॅलेस्टिनी प्रोग्रॅमर रशीद अबू ईदेह यांनी २०१४ च्या गाझा युद्धावर तो बनवला. एक बाप आपल्या बायकोला आणि लहान मुलीला घेऊन सुरक्षित जागा शोधतो. कोणता रस्ता घ्यायचा ते ठरवायला क्षणभर मिळतो. कितीही चपळाईने खेळलं तरी बाप आपल्या मुलीला वाचवू शकत नाही. अ‍ॅपल कंपनीने सुरुवातीला हा गेम 'गेम' म्हणून स्वीकारायला नकार दिला. बातम्या किंवा संदर्भ या विभागात टाका, असं सुचवलं. टीका झाली तेव्हा कंपनीने निर्णय फिरवला. बंदुकीने शेकडो माणसं मारणं हा गेम, आणि मुलीला वाचवू न शकणारा बाप हा गेम नाही, असा त्या नकाराचा अर्थ निघत होता.

अबू ईदेह आता १९४८ च्या नकबावर 'ड्रीम्स ऑन अ पिलो' बनवत आहेत. त्यासाठी लाँचगुड या संकेतस्थळावरून लोकवर्गणी झाली आणि दोन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. छोट्या गेममधून सुरू झालेली वाट एवढी लांब जाऊ शकते.

आपल्या शेजारचं उदाहरण

हे सगळं दूरदेशी चालतं असं समजू नका. महाराष्ट्राला लागून असलेल्या गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, वापीजवळ चला नावाचं गाव आहे. तिथे ध्रुव जानी यांचा 'स्टुडिओ ओलिओमिंगस' आहे. त्यांचे छोटे प्रयोगशील गेम वसाहतकाळ, इतिहास आणि तो कोण लिहितं याबद्दल असतात. त्यांतल्या गोष्टी ते मीर उमरहसन नावाच्या एका लेखकाच्या म्हणून सांगतात. हा लेखक पूर्णपणे काल्पनिक आहे. इतिहासावर बोलण्यासाठी त्यांनी एक हरवलेला लेखकच रचला.

त्यांचा २०२० चा 'द इंडिफरंट वंडर ऑफ अ‍ॅन एडिबल प्लेस' हा गेम आहे एका इमारत खाणाऱ्याचा. पालिकेने नेमलेला हा माणूस इमारती अक्षरशः खातो, आणि खेळणारे तुम्ही म्हणजेच तो. भिंतींबरोबर तिथे राहिलेल्यांच्या खुणाही पोटात जातात, असं खेळताना वाटत राहतं.

नागपूरच्या वाचकाला इथे काय आठवेल ते सांगायला नको. १७ मार्च २०२५ ला महाल भागात दंगल झाली. शहरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. एका माणसाचा जीव गेला. २४ मार्चला एका आरोपीच्या कुटुंबाचं घर महापालिकेने पाडलं, आणि त्याच दिवशी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने अशा कारवाईला स्थगिती दिली. त्याआधी १३ नोव्हेंबर २०२४ लाच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं होतं की नोटीस आणि १५ दिवसांची मुदत दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. हे सगळं आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण तो गेम खेळताना आम्हाला पहिल्यांदा प्रश्न पडला की बुलडोझरच्या सीटवर बसलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन काय जेवत असेल. बातमी आपल्याला बघणारा बनवते. खेळात आपल्यालाच बटण दाबावं लागतं.

हेच हत्यार उलटंही चालतं

याची दुसरी बाजू आपल्या समाजाने सोसली आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं अ‍ॅप आलं. नामवंत मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. खरी विक्री कुणाचीच नव्हती; हेतू अपमानाचा होता, आणि रचना खेळाची: बटण दाबा, 'आजची डील' बघा, हसा, मित्राला पाठवा. या प्रकरणांत अटक झालेल्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. २०१४ मध्ये गाझावर बॉम्ब टाकण्याचा एक गेम गुगलच्या प्ले स्टोअरवर आला होता, तोही लोकांनी ओरड केल्यावर काढला गेला.

म्हणून 'गेम म्हणजे नुसता टाइमपास' हे म्हणणं आता सोडून द्यावं लागेल. द्वेष पसरवणाऱ्यांना खेळाची ताकद आपल्याआधी कळली.

वाडीतली एक उन्हाळी सुट्टी

आम्ही राहतो ती वाडी अमरावती रोडवरची. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, रात्रभर उभे ट्रक, पलीकडे अंबाझरीची आयुध निर्माणी. मार्च २०२५ मध्ये संचारबंदी इथे नव्हती, पण मोबाइल इथेही होते. दंगलीचे खरे-खोटे व्हिडिओ आमच्या आठवी-नववीच्या मुलांकडे आमच्याआधी पोचत होते.

त्या मे महिन्यात घराच्या हॉलमध्ये कूलर लावून आम्ही आठ-दहा मुलं जमवली. काही आपली, काही शेजारपाजारची बौद्ध आणि हिंदू घरांतली. कागद, फासा आणि एक जुना लॅपटॉप. लॅपटॉपवर 'ट्वाइन' नावाचं मोफत साधन होतं. त्यात कोडिंग न येताही 'हे निवडलंत तर इकडे जा' अशी गोष्ट बनवता येते, आणि मराठीतही लिहिता येतं.

आमची पहिली चूक लगेच झाली. आम्ही विषय दिला, 'शहरातली दंगल'. बहुतेक मुलं गप्प बसली. एकाने दगड फेकण्याचा गेम केला. जितके दगड लागतील तितके गुण. आम्ही तो कागद त्याच्यासमोर फाडला. आज वाटतं, फाडायला नको होता. 'समोर कोण उभं आहे? त्याचं नाव काय? तो घरी गेल्यावर काय होतं?' असं विचारलं असतं, तर त्याचा गेम त्यानेच बदलला असता. तो मुलगा पुढे दोन दिवस आला नाही.

मग आम्ही विषय देणं बंद केलं. म्हटलं, तुमच्या घरातली एक अडचण सांगा, ज्यात काय करावं ते कळत नाही.

एका ट्रक ड्रायव्हरच्या मुलाने 'झोप' नावाचा खेळ केला. वाडीहून हैदराबाद. दर टप्प्यावर तीन पर्याय: चालवत राहा, चहा घ्या, झोपा. झोपलात तर उशीर होतो, पैसे कापले जातात. नाही झोपलात तर फाशावर एक पडला की अपघात. सगळ्यांनी खेळून पाहिलं. पैसे आणि झोप दोन्ही घेऊन कुणीच परत आलं नाही. त्याचे अब्बू आले तेव्हा त्यांनाही खेळायला लावलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यात टोलच्या पुढचा ढाबा टाक. तिथे मी दोन तास झोपतो. मालकाला सांगत नाही." पोराला ही गोष्ट आजवर माहीत नव्हती. त्याने खेळात एक लपलेला पर्याय टाकला.

राजकीय गेम म्हटल्यावर आमच्या डोक्यात दंगल होती. पोराच्या डोक्यात बापाची झोप होती. ड्रायव्हरच्या झोपेची किंमत कोण ठरवतं, हाही राजकारणाचाच प्रश्न आहे, हे आम्हाला त्याने शिकवलं.

नववीतल्या एका मुलीने 'खोली' केला. नर्सिंग शिकणाऱ्या बहिणीसाठी शहरात भाड्याची खोली शोधायची. नाव आधी सांगितलं तर फोन लवकर संपतो. शेवटी सांगितलं तर खोली बघून होते, चहा होतो, अ‍ॅडव्हान्सची बोलणी होते, आणि मग "घरच्यांना विचारून सांगतो." शेजारच्या एका हिंदू घरातल्या मुलाने तो खेळला आणि विचारलं, "दीदी, यात मालक व्हायचं बटण नाही का?" ती आधी चिडली. दुसऱ्या दिवशी तिने मालकाचा भाग जोडून आणला: सोसायटीचा सेक्रेटरी, सासूबाई, 'लोक काय म्हणतील'. तो मुलगा मालक म्हणून खेळला. दोनदा खोली नाकारली. तिसऱ्यांदा लॅपटॉप बाजूला सरकवून म्हणाला, "हा गेम त्रास देतो."

त्याला कुणीही भाषण दिलं नव्हतं. आणि तिलाही त्या दोन दिवसांत एवढं कळलं की नकार देणाऱ्याच्या मागेही कुणीतरी उभं असतं. तिचा अन्याय त्याने कमी झाला नाही. पण तो कुठून येतो ते तिला दिसलं.

पालकांची भीती खोटी नाही

हे ऐकून एका पालकाने आम्हाला सरळ विचारलं, "सर, उद्या कुणी तक्रार केली तर?" जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल स्टेटसवरून काय पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. अल्पवयीन मुलांवर गुन्हे दाखल झाले. असं असताना 'मुलांना राजकीय गेम करू द्या' म्हणणं सोपं नाही, आणि ही भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

पण स्टेटस आणि असा खेळ यांत फरक आहे. स्टेटस रागाच्या भरात एका सेकंदात जातं. खेळ करायला आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात समोरच्याच्या चालीचाही विचार करावा लागतो. समोरचा माणूस नियमात बसवल्याशिवाय खेळ चालतच नाही. रागाला बांध घालायला याहून चांगली तरबियत आम्हाला तरी दिसत नाही. तरीही काही पथ्यं आम्ही पाळतो. खऱ्या माणसाचं नाव किंवा फोटो नाही. कुणाच्याही श्रद्धास्थानाची चेष्टा नाही. धर्म किंवा जात हा 'शत्रू' नाही. घरच्या एका मोठ्याने आणि दुसऱ्या समाजातल्या एका मित्राने खेळल्याशिवाय गेम हॉलच्या बाहेर जात नाही. यातलं शेवटचं पथ्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

जुगाराची शंकाही काही जण काढतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले, ते बरंच झालं. दीनच्या दृष्टीनेही ते आपल्याला मंजूर नव्हतेच. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक, सामाजिक खेळांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. दोन्हींना एकाच काठीने हाकू नये.

घरापासून सुरुवात

प्रयोगशाळा येतील तेव्हा येतील. १५,००० शाळांत आपल्या मुलांच्या शाळा किती असतील, उर्दू माध्यमाच्या किती असतील, हे शाळा समितीत, नगर परिषदेत, आमदारांकडे आत्तापासून विचारायला हवं. यादी निघाल्यावर ओरडून उपयोग होत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

तोवर एक काम प्रत्येक घरात होऊ शकतं. मोबाइल हिसकावण्याआधी पंधरा मिनिटं मुलाच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. यात तू कोण आहेस? जिंकायला काय करावं लागतं? आणि यात काय करता येत नाही? तिसऱ्या प्रश्नावर मूल अडखळेल. ज्या गेममध्ये शंभर माणसं मारता येतात त्यात एकाशीही बोलता येत नाही, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात येईल. ज्याला खेळाचा नियम वाचता येतो, तो उद्या भाडेकराराचा, कंपनीच्या अटींचा आणि पालिकेच्या नोटिशीचाही नियम वाचू शकेल.

दोन दिवस न आलेला तो दगडांचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला. नवा कागद घेऊन आला होता. त्यात गुण नव्हते. गल्लीत एक बंद दुकान होतं, आणि खेळणाऱ्याला ठरवायचं होतं की शटर अर्धं उघडून कुणाला आत घ्यायचं. आम्ही विचारलं, "जिंकायचं कसं?" तो म्हणाला, "ते अजून ठरलं नाही, सर. सकाळपर्यंत सगळे जिवंत राहिले पाहिजेत, एवढं ठरलंय."

तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.